रात्री आपोआप वाजणारी गाडी: बॉडी कंट्रोल मॉड्यूल बदलल्याच्या नोंदी, अमळनेर

८ जून

गाडी टोचन लावून आली. पेट्रोल हॅचबॅक, सात वर्षं जुनी, एमएच १९ पासिंग. मालक चोपडा रस्त्यावरच्या एका गावचे अप्पा, कापूस-मका करणारे. तक्रार त्यांच्या तोंडची जशीच्या तशी उतरवून घेतली: "भाऊ, गाडीले भूत लागनं शे का काय? रातले आपेआप वाजस."

खोदून विचारलं तशी यादी लांबत गेली. रात्री गाडी बंद करून लॉक केली की सेंट्रल लॉक मधूनच टक-टक करतं. एकदा पहाटे हॉर्न वाजला आणि सगळी गल्ली जागी झाली. उजवं इंडिकेटर लावलं की कधीकधी वायपर एक फेरी मारून येतो. सकाळी बॅटरी बसलेली. आधी ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून केबल लावली की चालू व्हायची. कालपासून केबल लावूनही सेल्फ लागत नाही, डॅशबोर्डच्या मीटरवर चावीचं चिन्ह लुकलुकत राहतं.

गावातल्या एकाने बॅटरी गेली म्हणून सांगितलं, दुसऱ्याने बॉडी मॉड्यूल, म्हणजे दिवे-लॉक-वायपर सांभाळणारा गाडीतला कंप्यूटर, उडालं म्हणून. मल्टीमीटर दोघांनीही लावलेला नव्हता. दुसऱ्याचं म्हणणं खरं निघू शकतं, पण अंदाजावर एवढी महागाची वस्तू बदलायची नाही. आणि मॉड्यूल खरंच गेलं असेल तर ते कशाने गेलं हे सापडेपर्यंत नवं बसवायचं नाही. जुन्याला ज्याने मारलं ते गाडीतच बसलेलं असतं, नव्याचीच वाट बघत.

सुरुवात कधी झाली, हे अप्पांना पुन्हा विचारलं. थोडा विचार करून म्हणाले, वळवाचा पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. जॉबकार्डवर ही ओळ अधोरेखित केली.

९ जून

बॅटरी ११.३ व्होल्ट. चांगली भरलेली बॅटरी शांत असताना १२.६ च्या आसपास दाखवते. ही जवळजवळ रिकामी. अशा बॅटरीवर स्कॅनर, म्हणजे मॉड्यूलांतले दोषाचे कोड वाचणारं यंत्र, लावून उपयोग नाही. व्होल्टेज पडलं की निम्मी मॉड्यूलं अर्धवट जागी होतात, एकमेकांविरुद्ध तक्रारी नोंदवतात आणि आपण खोट्या कोडच्या मागे दिवस घालवतो. बॅटरी काढून चार्जिंगला लावली. संध्याकाळी लोड टेस्ट केली, पास. म्हणजे बॅटरी खराब नाही, कोणीतरी ती रिकामी करतंय.

बॉनेटखाली बॅटरीच्या ट्रेमध्ये सरकीची टरफलं आणि कापसाचे पुंजके सापडले. भाचा लगेच म्हणाला, "मामा, उंदीर. वायर कुरतडली." आपल्याकडे ही शंका आधी घ्यावीच लागते. घरात कापूस भरलेला असतो, गाडी त्याच पडवीत उभी राहते आणि गरम इंजिनाची ऊब उंदराला आवडते. इंजिनकडचं हार्नेस, म्हणजे वायरींची जुडी, सगळं हाताने चाचपून बघितलं. एका ठिकाणी वरच्या टेपवर दात उमटलेत, आतलं इन्सुलेशन शाबूत. उंदीर येऊन गेला, पण हे काम त्याचं नाही.

भाच्याला बॉडी कंट्रोल मॉड्यूल (बीसीएम) म्हणजे काय ते समजावलं, तेच थोडक्यात इथे लिहितो. काळी-पिवळी कमांडर जीपमध्ये हेडलाइटचा स्विच दाबला की करंट फ्यूजमधून, स्विचमधून किंवा रिलेतून सरळ बल्बला जायचा. टेस्ट लॅम्प घेऊन वायरीच्या मागे गेलं की दोष सापडायचाच. आताच्या गाडीत स्विच बल्बला काही देत नाही, तो बॉडी मॉड्यूलला फक्त कळवतो. मॉड्यूल ठरवतं आणि आपल्या पोटातल्या इलेक्ट्रॉनिक स्विचमधून करंट सोडतं. इंडिकेटर, वायपर, हॉर्न, सेंट्रल लॉक, आतला दिवा, काचा, मागच्या काचेचा हीटर ही कामं साधारण त्याच्याकडे असतात. कोणत्या गाडीत काय त्याच्याकडे आणि काय दुसऱ्याकडे, हे मॉडेलप्रमाणे बदलतं. या गाडीत चावी ओळखण्याचं कामही त्याचंच. म्हणून वायपर आणि सेल्फ या वरवर लांबच्या दोन तक्रारी एका डब्यात येऊन मिळतात.

१० जून

आज फक्त गाडी झोपते का ते बघितलं. बॅटरीच्या निगेटिव्हला मीटर सिरीजमध्ये, १० अँपिअरच्या रेंजवर. जोडताना आधी एक जंपर वायर लावून घेतो, म्हणजे मीटर लावेपर्यंत गाडीचा करंट क्षणभरही तुटत नाही. तुटला तर मॉड्यूल नव्याने सुरू होतं आणि कधीकधी दोष तेवढ्यापुरता लपतो. दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत आणलं, म्हणजे दार उघडं ठेवूनही फ्यूज बॉक्सला हात घालता येतो. मीटर सिरीजमध्ये असताना कोणी सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज गेला.

लॉक केल्यावर सुरुवातीला करंट दोन-तीन अँपिअर असतो, मग एकेक मॉड्यूल झोपत जातं. अर्ध्या तासात तो ५० मिलिअँपिअरच्या खाली आला पाहिजे. ही गाडी ०.६ अँपिअरवर अडकून बसली. मधूनच लॉक टकटकलं की काटा वर आणि पुन्हा ०.६.

हा आकडा लहान वाटतो. हिशेब असा: या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. ०.६ ने चोवीस तासांत १४.४ जातात. बॅटरी निम्म्यावर आली की सेल्फ ओढायला जड जातं, म्हणजे सव्वा दिवस गाडी उभी राहिली की संपलं. अप्पांची गाडी बाजाराच्या दिवशीच निघते.

फ्यूज एकेक उपटत बसलो नाही. फ्यूज काढून घातला की झोपलेलं मॉड्यूल उठतं आणि सगळा खेळ पुन्हा पहिल्यापासून. त्याऐवजी फ्यूजच्या पाठीवर दोन उघडे धातूचे ठिपके असतात, तिथे मिलिव्होल्टवर मीटर टेकवायचा. ज्या फ्यूजमधून करंट वाहतो तो थोडंसं व्होल्टेज दाखवतो, बाकीचे शून्य. निळा, १५ अँपिअरचा, बॉडी मॉड्यूलचा. शेवटी तेवढा एकच काढला: ०.६ वरून ०.०३.

यावरून मॉड्यूल खराब ठरत नाही. ते जागं आहे एवढंच ठरतं. जागं ठेवणारा दुसराही असू शकतो.

११ जून

स्कॅनर. इंजिनचं ईसीयू (इंजिनचा कंप्यूटर) उत्तर देतं, एबीएस देतं, डॅशबोर्डचा मीटर देतो. बॉडी मॉड्यूल कधी देतं, कधी नाही. इंजिन आणि एबीएस दोघांकडेही यू ०१४० नोंदलेला: बॉडी मॉड्यूलशी संपर्क तुटला. यू ने सुरू होणारे कोड नेटवर्कचे, बी चे बॉडीचे. संपर्क तुटला याची कारणं तीन: मॉड्यूल गेलं, त्याचा सप्लाय किंवा अर्थ (निगेटिव्हचा जोड) गेला, नाहीतर मधली लाइन गेली. पहिलं कारण शेवटी धरायचं.

एकदा मॉड्यूलने उत्तर दिलं तेव्हा आधी त्याचं कॉन्फिगरेशन वाचून साठवलं आणि प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढला. कोड पुसले नाहीत. मरायला टेकलेलं मॉड्यूल बोलतंय तोवर त्याच्याकडून माहिती काढून घ्यावी. कोड पुसायला पुढे वेळच वेळ आहे.

मग लाइन. कॅन बस म्हणजे पिळलेल्या दोन वायरी, त्यांवरून सगळी मॉड्यूलं बोलतात. बॉशने ही पद्धत १९८६ मध्ये लोकांपुढे आणली, ती यासाठीच की प्रत्येक कामाला वेगळी वायर ओढून हार्नेस मनगटाएवढं जाड होऊ नये. लाइनच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात. बॅटरी सोडून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडायच्या सॉकेटच्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनांत मोजलं की दोन्ही मिळून ६० यायला हवेत. ६० आले. १२० आले असते तर एक टोक तुटलं असं समजलो असतो, शून्याजवळ आले असते तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या असं. बॅटरी जोडून इग्निशन चालू: ६ वर २.७ व्होल्ट, १४ वर २.३. बेरीज पाचाच्या जवळ, जशी हवी तशी.

लाइन निर्दोष. उरला सप्लाय आणि अर्थ, त्यासाठी ग्लोव्ह बॉक्स उतरवावा लागणार.

१२ जून

बॅटरीचं निगेटिव्ह काढून दहा मिनिटं थांबलो. डॅशखाली पिवळे कप्लर (वायरींचे जोड) दिसले की ते एअरबॅगचे, त्यांना गरज नसताना हात लावायचा नाही. भाच्याला हे दर वेळी सांगतो, पुढेही सांगणार.

ग्लोव्ह बॉक्स काढल्यावर मॉड्यूल दिसलं. उभं बसवलेलं, कप्लर वरच्या अंगाला. वरचा मोठा कप्लर सोडला आणि त्यातून हिरवी भुकटी सांडली.

तांब्याचा गंज. पिनांच्या रांगेत कोपऱ्यातल्या पाच-सहा पिना हिरव्या, एक पांढरी पडून बारीक झालेली. ओल आणि कायमचा १२ व्होल्ट एकत्र आले की पिन नुसती गंजत नाही, विरघळते. जशी भांड्याला मुलामा देताना एका टोकाचा धातू झिजतो तशी. कायमच्या सप्लायची पिन सगळ्यात आधी खाल्ली गेली, ते याचमुळे.

सर्किट डायग्राम काढून हिरव्या पिना कुणाच्या ते लावलं. डाव्या दाराचा स्विच, त्याच्या शेजारी अर्थ. दोघांत हिरवा पूल. दाराचा स्विच अर्थ झाला की मॉड्यूलला वाटतं दार उघडलं. बिचारं रात्रभर दार उघडलं-मिटलं समजून लॉक वरखाली करत होतं आणि झोपत नव्हतं. दोन ओळी पलीकडे वायपरच्या दांडीचा सिग्नल आणि उजव्या इंडिकेटरचा. हॉर्नचा स्विच त्यांच्या खाली. अप्पांच्या भुताचा सगळा गोतावळा एका चौरस इंचात मिळाला.

हार्नेसकडची बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बारीक ब्रशने साफ केली. सुकल्यावर सप्लाय आणि अर्थ तपासले, पण नुसत्या मीटरने नाही. मीटर इतका कमी करंट घेतो की एका केसाएवढ्या तारेवरही तो १२ व्होल्ट दाखवतो. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावला, तो पावणेदोन अँपिअर ओढतो. बल्ब भक्क पेटला, अर्थच्या बाजूला व्होल्टेजची घट ०.०४ व्होल्ट. ०.१ च्या आत असली की मी अर्थ पास करतो.

सप्लाय आहे, अर्थ आहे, लाइन आहे, तरी मॉड्यूल धड बोलत नाही. आता त्याला दोषी म्हणायला हरकत नाही. अप्पांना फोन केला. पलीकडून पहिला प्रश्न, "मंग, कितला पैसा लागतीन?" उद्या सांगतो म्हणालो.

१३ जून

मॉड्यूल उघडलं. ओल कप्लरमधून बोर्डपर्यंत पोचलेली. एक ट्रॅक अर्ध्यावर गायब, प्रोसेसरच्या सप्लायजवळची दोन भोकं काळी. ब्रशने साफ करून, ट्रॅकवर तार जोडून टेबलावर चालवून बघितलं, चाललं. हेअर ड्रायरने थोडं तापवलं आणि पुन्हा मुकं झालं. टेबलावर चालणाऱ्या आणि मे महिन्यात चालणाऱ्या मॉड्यूलमध्ये फरक असतो. आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, उन्हात बंद उभ्या गाडीत डॅशच्या आत त्याहून कितीतरी जास्त. असं दुरुस्त केलेलं मॉड्यूल मी रेडिओला किंवा काचेच्या मोटरला चालवून घेईन. गाडी चालू होणं आणि रात्रीचे दिवे ज्याच्या हातात, त्याला नाही.

भाच्याचं मत, कुर्ल्याच्या जुन्या स्पेअरच्या मार्केटमधून आणावं, निम्म्यात पडेल. मिळेलही. पण जुन्या मॉड्यूलमध्ये दुसऱ्या गाडीचा चेसिस नंबर आणि दुसऱ्या चाव्या भरलेल्या असतात. आपल्या मॉड्यूलची मेमरी चिप वाचून तिचा मजकूर त्यात उतरवता येतो, ते काम करणारे आहेत. माझी हरकत दोन गोष्टींना. ते कुठल्या गाडीतून निघालं याचा कागद मिळत नाही. आणि ते पुरात बुडालेल्या गाडीतलं नाही कशावरून? एका ओल्या मॉड्यूलच्या जागी दुसरं ओलं बसवायला अप्पा माझ्याकडे आलेले नाहीत.

अप्पांना तिन्ही रस्ते खर्चासकट सांगितले. नवं घ्यायचं ठरलं. मग ते म्हणाले, पेरणीचे दिवस आहेत, बिल जरा थांबून देईन. चालेल.

१५ जून

ऑर्डर दिली, पण पाणी कुठून आलं हे बाकी.

एसीच्या पाण्याची नळी तुंबली तर डाव्या पायाशी पाणी साचतं. ती बघितली, मोकळी. काचेखालच्या जाळीत लिंबाची पानं साचून निचरा बंद होतो, तेही नेहमीचं. पानं होती, काढली, पण निचरा चालू होता. पायाखालचा गालिचा कोरडा. म्हणजे पाणी खालून चढलेलं नाही, वरून उतरलंय.

भाचा टॉर्च घेऊन आत, मी पाइप घेऊन बाहेर. पाणी मारताना खालून वर जायचं. वरून सुरुवात केली की पाणी सगळीकडून ओघळतं आणि कुठल्या उंचीवर आत शिरतं ते कळतच नाही. आधी जाळी, मग काचेची खालची कड, मग बाजू. काही नाही. डाव्या वरच्या कोपऱ्यावर पाइप धरला आणि आतून आरोळी आली, "मामा, आलं!"

काचेच्या कोपऱ्यातून थेंब खांबाच्या आतल्या प्लास्टिकमागे जातो. तिथून वरच्या दिव्याकडे जाणारं हार्नेस खाली उतरतं. थेंब त्या हार्नेसला धरून सरळ कप्लरवर. गालिच्याला पत्ताच लागत नाही.

काच बदललेली आहे हे कडेचा माल बघूनच कळलं. अप्पांना विचारलं. दिवाळीनंतर हायवेवर ट्रकच्या चाकाखालचा दगड उडून काच फुटली होती, रस्त्यावरच्या एका दुकानात बदलून घेतली. सगळं जागच्या जागी बसलं. नोव्हेंबर ते मे खानदेशात फारसा पाऊस नाही, अप्पा गाडी बादलीने पुसतात. गळती सहा-सात महिने आत बसून होती आणि पहिल्या वळवाने ती बाहेर काढली. मोसम मधे आल्याने दोन गोष्टींचा संबंध कोणी लावला नाही, अप्पांनीही नाही.

काच सिलिकॉनने चिकटवलेली होती, ते नखाने निघतं. समोरच्या काचेला पॉलियुरेथेन लागतं, आणि कडेला प्रायमर. हा नुसता गळतीचा प्रश्न नाही. पुढची काच गाडीच्या सांगाड्याचा भाग असते, आणि बऱ्याच गाड्यांत डाव्या बाजूची एअरबॅग फुगताना काचेवरच रेटून बसते. काच सुटी असेल तर एअरबॅगला टेकायला काही राहत नाही.

१७ जून

काचवाला माझ्या ओळखीचा, त्याने काच उतरवून कड खरवडली. पत्र्यावर एका जागी गंजाची सुरुवात. घासून प्रायमर मारला. काच पुन्हा बसवली, गाडी हलवायची नाही असं सांगून गेला. हलवणार कशी, तिचं डोकं टेबलावर आहे.

१८ जून

पुन्हा पाइप, पुन्हा भाचा आत. कोरडं.

हार्नेसचा रस्ता बदलला. वरून येणारी वायर आधी कप्लरच्या खालपर्यंत नेली, मग वळवून वर आणली. आता कधी पाणी आलंच तर वळणाच्या तळाशी गळून पडेल, कप्लरपर्यंत चढणार नाही. घराच्या मीटरला येणारी वायर वायरमन अशीच झोळ देऊन आणतो. कारखान्यातून निघताना ही गोष्ट फुकटात झाली असती.

हार्नेसकडच्या खराब टर्मिनल बदलल्या. सोल्डर नाही, क्रिंप, म्हणजे दाबून बसवलेला जोड. हलणाऱ्या वायरीत सोल्डरच्या कडेला वायर तुटते.

२३ जून

पार्सल आलं. पार्ट नंबर जुळतो, शेवटचं अक्षर जुळत नाही. दुकानदार म्हणतो, चालतं. कप्लरचे आकार तेच असल्याने बसलंही असतं. पण शेवटचं अक्षर बदलतं तेव्हा आत काहीतरी बदललेलं असतं, मागचा वायपर असलेली गाडी आणि नसलेली, किंवा असंच काही. परत पाठवलं.

मधल्या वेळात अप्पांकडून आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती घेतल्या. चाव्या जुळवायला लागणारा सुरक्षा पिन (गुप्त कोड) कंपनीकडून कागदपत्रं दाखवल्यावरच मिळतो. हे असंच असावं. आरसीशिवाय चावीचं काम मी नात्यातल्या माणसालाही करून देत नाही. दोन्ही चाव्या आणा म्हटलं, तर दुसरी पुण्यात शिकणाऱ्या मुलाकडे. जुळवताना जी चावी समोर नसेल ती मॉड्यूल विसरून जातं, मग ती फक्त दार उघडण्यापुरती उरते. मुलाने ती गावी येणाऱ्या मित्राच्या हाती द्यायची असं ठरलं.

२८ जून

बरोबर नंबरचं मॉड्यूल, दोन्ही चाव्या, पिन, आणि धुळ्याहून लॅपटॉप घेऊन आलेला कोडिंगवाला. आभाळ भरलेलं.

प्रोग्रॅमिंग चालू असताना व्होल्टेज हललं आणि लिखाण अर्धवट राहिलं, तर कोरं मॉड्यूल तिथल्या तिथे भंगारात. म्हणून लोक चार्जर लावतात. पण चार्जर विजेवर, आणि पावसाच्या पहिल्या सरीला आपल्याकडची वीज काय करते ते सगळ्यांना माहीत आहे. चार्जर लावलाच, शिवाय दुसरी भरलेली बॅटरी जाड केबलने समांतर जोडून ठेवली. लॅपटॉपही त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर, इंटरनेट मोबाइलचं.

चेसिस नंबर भरला आणि वीज गेली. पंखा थांबला, चार्जर थांबला. मीटरवर १२.७ तसंच. कोडिंगवाल्याने मान वर करून एकदा बघितलं, पुन्हा खाली घातली.

पुढे चाव्या. चावीच्या प्लास्टिकमध्ये बिनबॅटरीची बारीक चिप असते. इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून तिला वीज मिळते आणि ती उत्तर देते. म्हणून रिमोटचा सेल संपला तरी गाडी चालू होते. पिन टाकला, पहिली चावी, दुसरी चावी, मग मॉड्यूल आणि इंजिनच्या ईसीयूची जोडणी. मीटरवरचं चावीचं चिन्ह विझलं. सेल्फ लागला, गाडी पहिल्या झटक्यात चालू.

किलोमीटरचा आकडा या गाडीत मीटरमध्येच राहतो, त्यामुळे त्याला हात लावावा लागला नाही. तरी आधीचा आणि नंतरचा आकडा फोटोसह जॉबकार्डवर लिहिला. उद्या गाडी विकताना कोणी अप्पांकडे बोट दाखवायला नको.

२९ जून

एकेक काम तपासलं. हेडलाइट, डिपर, चारही इंडिकेटर, ब्रेक, रिव्हर्स, हॉर्न, लॉक, काचा. मागचा वायपर मेलेला. फ्यूज ठीक, मोटरला सरळ करंट दिला तर फिरते. ११ तारखेचे फोटो काढले. जुन्या मॉड्यूलमध्ये मागचा वायपर 'आहे' असा होता, नव्यात कंपनीतून 'नाही' असा आलेला. एक खूण बदलली, फिरला. फोटो लावून बाकी पानं जुळवली तेव्हा आणखी एक निघालं: वेग घेतल्यावर दारं आपोआप लॉक होणं जुन्यात बंद होतं, नव्यात चालू. अप्पांना विचारलं, बंदच ठेवा म्हणाले. घरची म्हातारी माणसं मागे बसतात, दार उघडेना की घाबरतात.

ड्रायव्हरची काच एका दाबात वर जात नव्हती. पूर्ण वर नेऊन बटण थोडा वेळ धरून ठेवलं, तिने आपलं टोक शिकून घेतलं.

सगळे कोड पुसले, दोन फेऱ्या मारून पुन्हा वाचले. यू ०१४० परत आला नाही.

३० जून

झोपेचा करंट. लॉक करून अर्धा तास सोडली. मीटरवर १८ मिलिअँपिअर, रात्रीही तेच.

५ जुलै

गाडी मुद्दाम ठेवून घेतली होती, पाइपच्या पाण्यावर माझा पूर्ण भरवसा नाही. काल रात्रभर खरा पाऊस झाला, वाऱ्यासकट. सकाळी ग्लोव्ह बॉक्स उतरवून कप्लरवर टिश्यू पेपर दाबला. कोरडा. खांबाच्या प्लास्टिकमागेही कोरडं.

अप्पा गाडी घ्यायला आले. बिलात मॉड्यूल, कोडिंग, काच आणि मजुरी वेगवेगळी लिहिली. तपासणीचे पैसे वेगळे कशाला, असं त्यांनी विचारलं. मॉड्यूल बसवणं एका दुपारचं काम आहे, बाकीचे पैसे पाणी शोधण्याचे, असं सांगितलं. जुनं मॉड्यूल त्यांच्या हातात दिलं, हिरवी पिन दाखवली. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि माझ्याकडेच ठेवा म्हणाले. मधली अर्थची टर्मिनल चांगली आहे, पार्टसाठी ठेवलं.

जाताना म्हणाले, आता चांगले पांढरे एलईडी हेडलाइट आणि पुढे दोन फॉगलॅम्प टाकून घेतो, रात्रीचं रानात जावं लागतं. बिलाच्या मागे लिहून दिलं: मूळ दिव्यांच्या वायरी कापून किंवा खरवडून काही जोडायचं नाही. हे मॉड्यूल प्रत्येक बल्ब किती करंट ओढतो ते मोजतं. एलईडी कमी ओढतो म्हणून ते बल्ब गेला समजेल, आणि जादा दिवे त्याच वायरीवर टाकले तर त्याचा आतला स्विच तापेल. फॉगलॅम्प हवेच असतील तर वेगळा फ्यूज, वेगळा रिले, सप्लाय थेट बॅटरीवरून, आणि दिवे लावायच्या आधी गाडी इथे आणायची.